खर्ज एका कानाचा नसतो

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापला होता ‘घरच्या घरी उत्तम ध्वनी’. कोणता हेडफोन घ्यावा हे कळेल या आशेने सभागृह भरलं होतं. व्याख्याते व्यवसायाने ध्वनिमुद्रक. त्यांनी माईक हातात घेताच सांगून टाकलं की किमती आणि कंपन्या यांवर आज एक शब्दही निघणार नाही. त्यांना एकच गोष्ट पटवून द्यायची होती: खर्जातला आवाज कधीच एका कानाचा नसतो. हे एकदा मानलं की ध्वनीच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘मोनो बेस’ (खर्ज मध्यात आणणं) आणि ‘क्रॉसफीड’ (एका कानाचा आवाज थोडा दुसऱ्या कानातही सोडणं) या दोन सोयी वेगळ्या उरत नाहीत. पहिली मिक्स करणाऱ्याच्या हातात असते, दुसरी ऐकणाऱ्याच्या, एवढाच काय तो फरक.

कंपनं, हर्ट्झ, डेसिबल वगैरे शाळेत झालंच आहे, असं म्हणत ते थेट डोक्याच्या मापावर आले. माणसाच्या दोन कानांत जेमतेम १७-१८ सेंटिमीटरचं अंतर. १०० हर्ट्झच्या स्वराची एक लाट सुमारे ३.४ मीटर लांब. एवढ्या लाटेपुढे डोकं म्हणजे काहीच नाही. ती वळसा घालून पलीकडे जाते आणि दोन्ही कानांना जवळपास सारख्याच जोराने भिडते. ५००० हर्ट्झची लाट मात्र सात सेंटिमीटरचीही नसते, तिला डोकं अडवतं. म्हणून वरच्या स्वरांची दिशा मेंदू मुख्यतः दोन कानांतल्या जोराच्या फरकावरून ओळखतो आणि खालच्या स्वरांची वेळेच्या फरकावरून. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी ही मांडणी १९०७ मध्येच केली होती.

स्पीकरसमोर बसलं की डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानातही जातो. साधारण पाव मिलिसेकंद उशिरा आणि थोडा मऊ होऊन, पण जातो. हेडफोन ही वाटच बंद करतो. डावीकडचा ढोल फक्त डाव्या कानात, उजव्या कानात शून्य. असा प्रसंग निसर्गात जवळजवळ येतच नाही. ‘‘कुजबुज कानाशी येऊन करतात,’’ ते म्हणाले, ‘‘ढोल कानाशी आणून कुणी वाजवत नाही.’’ मागच्या रांगेतून आवाज आला, ‘‘विसर्जनाला आमच्या गल्लीत या!’’ सभागृह हसलं आणि व्याख्यातेही.

त्यांचं पुढचं उदाहरण बीटल्सच्या ‘रबर सोल’चं होतं. १९६५ च्या त्या स्टिरिओ मिक्समध्ये बहुतेक गाण्यांत वाद्यं एका बाजूला आणि गाणारे दुसऱ्या बाजूला आहेत. त्या काळी महत्त्व होतं ते मोनो तबकडीला. खोलीत दोन स्पीकरवर ही वाटणी खपून जाते. हेडफोनमध्ये मात्र बेस गिटार एका कानात ठोकत राहते आणि दुसरा कान खर्जापुरता रिकामाच राहतो. १९८७ च्या सीडीसाठी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ते मिक्स नव्याने केलं. व्याख्यात्यांना अशी वाटणी आपल्याकडेही भेटते. तबल्याला दोन माईक लावायचे, दायाँ एका टोकाला आणि बायाँ दुसऱ्या टोकाला ठेवायचा; मग हेडफोनवर ऐकताना बायाँची घुमार एका कानात भरते आणि तबलजी ऐकणाऱ्याच्या डोक्याएवढा रुंद होऊन बसतो.

इथून ते ॲलन ब्लुमलाइनकडे वळले आणि तिथेच रमले. लंडनच्या एका चित्रपटगृहात या इंग्रज अभियंत्याला खटकलं ते असं, की नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडूनच येतोय. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला. दोन माईक, दोन स्पीकर आणि एकाच खाचेत दोन वाहिन्या कोरण्याची युक्ती, सगळं त्यात होतं. १९३४ मध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत वाद्यवृंद-संचालक थॉमस बीचम मोझार्ट वाजवून घेत असताना त्याने स्टिरिओ मुद्रण केलं. बाजारात स्टिरिओ तबकडी आली ती १९५७-५८ मध्ये. ती पाहायला ब्लुमलाइन नव्हता. ७ जून १९४२ रोजी रडारच्या चाचणीवरचं हॅलिफॅक्स विमान कोसळलं, त्यात तो गेला. वय अवघं ३८. विमान, युद्ध, गुप्तता असं सांगता सांगता व्याख्यात्यांचा आवाज जड झाला आणि घड्याळाचा काटा बराच पुढे सरकला.

ब्लुमलाइनच्या त्या खाचेतूनच मोनो बेस जन्माला आला. स्टिरिओ तबकडीत दोन्ही बाजूंना सारखं असलेलं संगीत सुईला आडवं हलवतं आणि दोन बाजूंमधला फरक तिला वर-खाली हलवतो. डावा-उजवा बेस एकमेकांच्या उलट असला की खाच कुठे फार खोल जाते, तर कुठे इतकी उथळ होते की सुई उडते. म्हणून तबकडी कापणारे ठरावीक स्वराखालचं सगळं मध्यात आणत, त्यासाठी ‘एलिप्टिकल इक्वलायझर’ नावाचं यंत्रच असे. आज बहुतेकांकडे सुई नसली तरी एबल्टन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरच्या ‘युटिलिटी’मध्ये ‘बेस मोनो’चं बटण आहे, आणि त्याचा मूळ आकडा १२० हर्ट्झ. कारण आता वेगळं आहे: बेस रुंद करण्याच्या नादात दोन वाहिन्या उलट फेजमध्ये गेल्या, तर एका स्पीकरच्या ब्लूटूथ डब्यावर त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि गाण्याचा पायाच नाहीसा होतो.

‘‘सभागृहात वाजवलेल्या वाद्यवृंदाचं काय?’’ पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मध्येच विचारलं. दूर-दूर ठेवलेल्या माईकमध्ये खर्जातही वेळेचा फरक असतो, त्यातच सभागृहाची ऐसपैस जाणीव असते. ती तुम्ही पुसणार? व्याख्याते जरा ताठ झाले. तिथे बटण दाबू नये, हे त्यांनी मान्य केलं. पण नृत्यसंगीत, चित्रपटगीतं आणि एकेक वाद्य डावी-उजवीकडे पॅन करून बांधलेलं मिक्स याबाबत ते इंचभरही हलले नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आणि ज्यासाठी संध्याकाळ होती ते क्रॉसफीड दहा मिनिटांत उरकावं लागलं. सभागृहाची ध्वनियंत्रणा मोनो असल्याने प्रात्यक्षिक स्पीकरवर दाखवणं शक्यच नव्हतं. मग लॅपटॉपला जोडलेला एक हेडफोन पहिल्या रांगेतून हातोहात फिरू लागला. तेवढ्यात मूळ कल्पना सांगून झाली. १९६१ मध्ये सीबीएसच्या प्रयोगशाळेतल्या बेंजामिन बाउअर यांनी सुचवलं की प्रत्येक वाहिनीचा खालचा भाग थोडा उशिरा आणि थोडा हळू करून दुसऱ्या कानात सोडावा. त्यांच्या नावाचा ‘बीएस२बी’ हा मुक्त सॉफ्टवेअर संच आज अनेक प्लेअरांत मिळतो. त्याची मूळ मांडणी ७०० हर्ट्झ आणि ४.५ डेसिबल, जॅन मायर यांच्या नावाची त्याहून सौम्य मांडणी ६५० हर्ट्झ आणि ९.५ डेसिबल. दुसरा आकडा जितका मोठा, तितकी मिसळ कमी.

हेडफोन कानाला लावलेल्या एका काकूंनी क्रॉसफीड चालू होताच तो काढून स्पीकर लागला का म्हणून मागे वळून पाहिलं. शेजारच्या मुलाला मात्र ‘मजा गेली’ असं वाटलं. ‘‘मजा जाते, खरंय,’’ व्याख्याते म्हणाले, ‘‘सुरुवातीला सगळं लहान झाल्यासारखं वाटतं. पण तासाभराने कान थकलेत का, ते बघ.’’

शेवटचा प्रश्न उपयोगाचा निघाला: फोनमधलं ‘मोनो ऑडिओ’ म्हणजे हेच का? नव्हे. ते सगळे स्वर एकत्र करतं. एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी ती सोय आहे आणि तिथे ती हवीच. क्रॉसफीड वरच्या स्वरांची वाटणी बहुतांशी तशीच ठेवतं. दोन्ही कानांत माईक ठेवून केलेल्या बायनॉरल मुद्रणाला ते लावू नये, कारण कानांमधला फरक तिथे आधीच मुद्रित झालेला असतो. बाकी जुन्या, टोकाला पॅन केलेल्या गाण्यांसाठी ७०० आणि ४.५ वर ठेवावं, अख्खा अल्बम ऐकावा आणि मग बंद करून पाहावं, एवढी विनंती करून त्यांनी माईक अध्यक्षांकडे दिला.