तान्हे मूल आणि परदेशची वाट

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



परदेशगमन ही आता आपल्या मंडळींत अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. ज्याचा मुलगा किंवा मुलगी साता समुद्रांपलीकडे आहे असे एखादे तरी घर प्रत्येक आळीत निघेल. परंतु अंगावर पिणारे मूल घेऊन इतक्या दूर जावे की न जावे, हा प्रश्न गेल्या वर्षात चार-पाच कुटुंबांनी आम्हांस विचारला, आणि चिटणीसांनी तोच विषय आम्हांस नेमून दिला.

आमचे जावई नोकरीनिमित्त जर्मनीतील म्युनिक नगरीत गेले, तेव्हा आमच्या धाकट्या कन्येस सातवा महिना होता. बाळंतपण येथेच झाले. पुढे 2023 च्या मे महिन्यात दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन तिने तिकडे जावयाचे ठरविले आणि सोबतीस आम्ही उभयता निघालो. आप्तेष्टांनी घाबरविण्यात कसूर केली नाही. थंडी बाधेल, पाणी बाधेल, विमानात कान फुटतील! आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. इंग्रजी वाचता येते, पण बोलावयाची वेळ आली की जीभ अडखळते; जर्मन भाषेचा तर गंधही नाही. भय आमच्याही मनात होतेच.

त्या दिवसांत पंडिता रमाबाईंचे स्मरण वारंवार होई. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांची मनोरमा अवघी दोन वर्षांची होती आणि पतिनिधनास फार काळ लोटला नव्हता. पुढे 1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी याच मुलीसह अटलांटिक महासागर ओलांडून त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या. बाईंच्या धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो. पाठीशी कोणी नसताना, आठवडेच्या आठवडे बोटीवर लहान मूल सांभाळणे म्हणजे काय, हे घरातील कोणत्याही स्त्रीस विचारावे. त्यापुढे आमचा नऊ तासांच्या आसपासचा विमानप्रवास तो काय!

तयारीविषयी थोडक्यात सांगतो. बाळाचा पासपोर्ट स्वतंत्र काढावा लागतो. निघण्यापूर्वी बालवैद्यांना दाखवून नवव्या महिन्याची गोवराची लस टोचून घेतली. हातातील सामानात द्रवपदार्थांवर निर्बंध असले, तरी बाळापुरते दूध व पाणी नेऊ देतात. मात्र युरोपात दूधदुभत्याचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. बाळांच्या दुधाच्या भुकटीस तेवढी मर्यादित सवलत आहे. त्यामुळे आमच्या सौ.नी कढविलेले साजूक तूप आणि विहीणबाईंनी दिलेले पेढे येथेच ठेवावे लागले. उभयतांना त्याचे दुःख बाळाच्या विरहाइतकेच झाले असावे!

विमानात पुढच्या भिंतीस एक पाळणा अडकवून देतात. तो आधी सांगून ठेवावा लागतो. हवेत धक्के बसू लागले की मूल उचलून मांडीवर घ्यावे लागते, आणि नेमके ते तेव्हाच झोपलेले असते. कानांचे म्हणाल, तर घशापासून कानापर्यंत एक नळी असते आणि गिळण्याच्या क्रियेने ती उघडते. म्हणून विमान चढताना, आणि विशेषतः उतरताना, मुलास पाजावे. कन्येने तसे केले आणि बाळाने हूं की चूं केले नाही. कान आमचेच दडे बसून राहिले, कारण आम्हांस कोण पाजणार?

खरी कसोटी पुढेच होती. दुसऱ्या आठवड्यात शनिवारी सायंकाळी बाळास फणफणून ताप आला. पारा एकोणचाळीसच्या वर. दवाखाने बंद. जावयांनी 116117 हा क्रमांक फिरविला. वेळीअवेळी वैद्य मिळावा म्हणून तिकडे ही सोय आहे. रात्री आम्ही सर्व तेथे गेलो. डॉक्टरीणबाईंनी कान, घसा, मान, छाती शांतपणे तपासली आणि वजनाच्या हिशेबाने तापाचे साधे औषध दिले. दुसरे काही नाही. बाळ पिते आहे का, लंगोट ओले होतात का, धाप किंवा गुंगी येते का, एवढ्यावर लक्ष ठेवावयास सांगितले. यांपैकी काही बिघडले तर तत्काळ आणा. नाही तर थांबा. हा बहुधा 'ड्रायटागेफीबर' असावा, म्हणजे तीन दिवसांचा ताप. परंतु ते ताप उतरल्यावरच कळेल, असेही त्या म्हणाल्या.

बंधुभगिनींनो, औषधाची बाटली हाती असली म्हणजे मनुष्यास धीर असतो. नुसते पाहात बसावयाचे धैर्य निराळे! इकडून दूरध्वनीवर 'आम्ही म्हणत नव्हतो?' हे चालूच होते. पहिल्या रात्री जावयांचाही धीर सुटला आणि परत न्यावे का, असे ते बोलून गेले. टिकल्या त्या आमच्या सौ. चौथी इयत्ता शिकलेल्या. दर तासाला लंगोट पाहावयाचा आणि कॅलेंडरच्या पाठीमागे काडी ओढावयाची, असा त्यांनी क्रम धरला. आयुष्यभर आम्ही हजेरीपट मांडले, पण इतका मोलाचा हजेरीपट आमच्या हातून कधी झाला नाही. मंगळवारी पहाटे ताप उतरला आणि अंगभर गुलाबी पुरळ उमटले. डॉक्टरीणबाईंचे अनुमान खरे ठरले. हा ताप आपल्याकडेही लहान मुलांना सर्रास येतो. त्यात परक्या पाण्याचा दोष नाही.

त्या दिवसापासून आमचे भय मावळले. आम्ही बाबागाडी घेऊन एकटे बाहेर पडू लागलो. एका स्थानकावर उद्वाहन बंद होते. हातभर गोंदवून घेतलेला एक आडदांड तरुण पुढे आला, न बोलता गाडीचे पुढचे टोक उचलले, वर पोहोचविले आणि निघून गेला. रस्त्यात एरवी कोणी कोणाकडे पाहात नाही, पण बाळाकडे पाहून हसणारे पुष्कळ. आमच्या मोडक्या इंग्रजीचे अडणे तेथे संपले.

मारिएनप्लाट्झ चौकात नव्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर घंटांच्या तालावर बाहुल्या फिरतात. वरच्या मजल्यावर 1568 सालच्या राजविवाहाचा सोहळा, खालच्या मजल्यावर पिंपे घडविणाऱ्या कारागिरांचे नृत्य. अकराच्या ठोक्यास सारा चौक माना वर करून उभा होता. आमचे बाळ मात्र जवळच्या कारंज्याकडे झेपावत होते. शेवटी आम्हीही मनोरा सोडून पाणी पाहू लागलो. ऊन पडले की त्यात मासोळीसारखी चमक धावते, हे आम्ही आजवर कधी थांबून पाहिले नव्हते.

पुढे इझार नदीकाठीही तेच. आल्प्स पर्वतातून आलेल्या या नदीचा काठ गोट्यांनी भरलेला आहे. एक गोटा पांढरा, एक करडा, एक हिरवट. बाळ एकेक उचलून आमच्या हाती देई आणि आम्ही परत देत असू; असा तासन् तास व्यवहार! शिक्षकाच्या अभ्यासक्रमात आम्ही फ्रोबेल पाठ केला होता. 1840 साली याच देशात त्याने बालोद्यान हा शब्द रूढ केला. त्याच्या साधनांत पहिले साधन लोकरीचा चेंडू. परीक्षेपुरते ते लिहिले आणि विसरलो. तो चेंडू सौ.नी तेथे विणला, दोरी बांधून पाळण्यावर टांगला, आणि रात्री नऊपर्यंत रेंगाळणाऱ्या उजेडात नातू त्याला हात मारीत बसे.

ज्यांची लेकरे यंदा निघावयाची आहेत, त्यांनी फराळाच्या वेळी आम्हांस भेटावे. कागदपत्रांची यादी आम्ही आणली आहे. आणि काड्या ओढलेले ते कॅलेंडरही सौ.च्या पिशवीत आहे.