पाकिटातले मीठ



कामगार चळवळीतल्या माणसाने मिठावर काय बोलावे, असे कोणी मनात म्हणत असेल. पण मिठाचे आणि चळवळीचे नाते या किनाऱ्याला नवे नाही. १९३० साली वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. इथे उरण-पनवेलकडे आगरी बांधवांच्या पिढ्यांनी उन्हात मीठ पिकवले. तेव्हा मीठ मिळावे म्हणून लढा होता. आज ते न मागता पोटात जाते आणि किती गेले याचा पत्ता लागत नाही.

घरच्या आमटीत मीठ जास्त पडले तर ताटावरून लगेच कोणी तरी बोलतो. पाकिटातल्या शेवेचे मीठ कारखान्यात ठरते. तिथे बोलणार कोण? शिवाय सगळे जिभेला कळतही नाही. पावात, टोस्टात, गोड बिस्किटांतसुद्धा मीठ किंवा सोडा असतो, आणि सोडियम दोन्हींत आहे. त्याने रक्तदाब वाढतो. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो, आणि घाला पडतो तो हृदयावर, मेंदूवर.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा. त्यात सोडियम सुमारे २००० मिलिग्रॅम. पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. समजा, १०० ग्रॅम फरसाणाला ८०० मिलिग्रॅम लिहिले आहे. म्हणजे मीठ २ ग्रॅम. आता गंमत पाहा. २०२० च्या नियमांप्रमाणे एका वाढणीत दिवसाच्या मर्यादेपैकी किती टक्के येते, तेही छापायचे असते. वाढणी ३० ग्रॅमची धरली की आकडा निघतो १२ टक्के! दुसऱ्या पाळीहून परतलेला कामगार पाकीट फोडतो तो काय ३० ग्रॅम मोजून बाजूला ठेवतो? १०० ग्रॅम संपले की ४० टक्के झाले. पगारपत्रकात आपण कपातीचा रकाना आधी पाहतो, तसाच हा पाहावा.

पण वाचून मीठ कमी होत नाही. ते कारखान्यातच कमी व्हावे लागते. ब्रिटनमध्ये सरकारी अन्न संस्थेने २००६ साली पाव, बिस्किटे, सूप अशा एकेका पदार्थाला मिठाचे लक्ष्य ठरवून दिले. थोडे थोडे कमी होत गेल्याने खाणाऱ्याला फारसे कळले नाही, आणि सगळेच कमी करू लागल्याने कोणा एकाचेच गिऱ्हाईक तुटले नाही. (एकजूट मालकांच्याही उपयोगी पडते, ती अशी.) लोकांच्या चोवीस तासांच्या लघवीतले सोडियम मोजून पडताळा घेतला, तेव्हा २००१ च्या सुमाराचे रोजचे साडेनऊ ग्रॅम मीठ २०११ मध्ये ८.१ वर आलेले दिसले. दक्षिण आफ्रिकेने तर २०१३ साली कायदाच केला आणि २०१६ पासून मर्यादा लागू केल्या. चिलीत त्याच वर्षी पाकिटाच्या तोंडावर काळा अष्टकोन आला. आपल्याकडे २०२२ साली जो मसुदा निघाला, त्यात इशाऱ्याऐवजी तारे होते. आमच्या मते ताऱ्यात मीठ लपते: तंतू आणि डाळीसाळी यांचे गुण मिळवून खारट पदार्थही वर चढू शकतो.

तोवर आपल्या हातात काय आहे? कँटीन आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने कँटीनच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी बसवले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथे कँटीन समिती आहे, तिथे तिने चहाच्या भावाबरोबर आणखी एक आकडा मागावा: महिन्यात मीठ किती किलो आले आणि ताटे किती वाढली. ६० किलो मीठ आणि १०,००० ताटे असतील तर ताटामागे ६ ग्रॅम झाले, म्हणजे एका जेवणातच दिवसाची मर्यादा ओलांडली. लोणचे, पापड आणि सॉस यांचा हिशेब वेगळा. हा भागाकार करायला तज्ज्ञ लागत नाही. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्यांचे प्रमाण मात्र कारखान्याच्या डॉक्टरला विचारून ठरवावे.