भरवसा, इतबार, अनामत

विश्वासार्हता म्हणजे विश्वासाला पात्र असण्याचा गुण. विश्वास ठेवतो एक आणि तो सार्थ करायचा असतो दुसऱ्याने. या दोन बाजू मराठी सहसा मिसळू देत नाही. नोकर विश्वासू असतो, बातमी विश्वसनीय असते, बैल भरवशाचा असतो. दगा देण्याची संधी असूनही जो देत नाही तो विश्वासू. म्हणून त्या शब्दाला मन आणि नीती लागते. विहिरीवरच्या पंपाला दोन्ही नाहीत, तो भरवशाचा. भिस्त या शब्दाची तऱ्हा आणखी वेगळी. ‘घराची सगळी भिस्त थोरल्यावर’ या वाक्यातून थोरला किती लायक आहे हे कळत नाही, दुसरा आधार नाही एवढेच कळते. खात्री स्वतः करून घ्यायची असते, हमी समोरच्याने द्यायची असते.

पैशाच्या व्यवहारात मात्र मराठीचे नेमके शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने, दख्खनच्या दरबारांतून आले. संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ते रोज भेटतात, फक्त ओळख पटत नाही. शारजात घर भाड्याने घेताना जी रक्कम घरमालकाकडे ठेवावी लागते, तिला अरबी करारात ‘तअमीन’ म्हणतात. भाडेकरू घरी तिला अनामत म्हणतो. हे दोन्ही शब्द अ-म-न या एकाच धातूचे. मूळ रूप अमानत. मराठीच्या तोंडी म आणि न यांची अदलाबदल होऊन अनामत झाले. इमान आणि अमीन हेही त्याच घरातले. या धातूचा गाभा आहे निर्भयपणा, सुरक्षितता. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असताना त्याला घोर नसावा, हा अमानतीचा अर्थ. अरबीत विम्यालाही तअमीन हाच शब्द आहे.

इतबार आणि मातब्बर हे असेच सख्खे. ‘मुअतबर’ म्हणजे ज्याचा इतबार धरला जातो, ज्याचे म्हणणे मानले जाते तो. आज मातब्बर म्हटले की वाडा, जमीनजुमला आणि वजन डोळ्यांपुढे येते. शब्दाचा पक्का माणूस येत नाही. मराठीचे हे खरे नुकसान आहे, कारण त्या अर्थाचा इतका भारदस्त शब्द दुसरा नाही.

जामीन हा मुळात माणूस. दुसऱ्यासाठी स्वतःला गुंतवणारा तो जामीन, म्हणून ‘जामीन राहणे’. त्याचाच भाऊ ‘दमान’ हा शब्द अमिरातीत नव्या फ्रिजच्या हमीपत्रावर छापलेला असतो. हवाला म्हणजे सोपवणे. मराठीत पुस्तकाचा हवाला देतात, माल हवाली करतात आणि ज्याच्याकडे काम सोपवले तो हवालदार. बेकायदा पैशाशी हा शब्द अलीकडे जोडला गेला. अमिरातीत मात्र तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे रीतसर नोंदलेले हवालदार पैसे पाठवण्याचा धंदा उघडपणे करतात.

पत ही विश्वासार्हतेची बाजारातली बाजू. ती चलनालाही असते. 1966 पर्यंत अमिरातींच्या किनाऱ्यावर भारतीय रुपया चालत होता. 1959 पासून रिझर्व्ह बँक त्यासाठी खास आखाती रुपयाच्या नोटा काढत असे. जून 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि या किनाऱ्याने तो सोडला. 1973 मध्ये दिरहॅम आला. 1997 पासून एक डॉलर म्हणजे 3.6725 दिरहॅम हा भाव कायम आहे.

शास्त्रात विश्वसनीयतेचा अर्थ अरुंद आणि काटेकोर होतो. दुबईच्या सोनेबाजारात आजही दहा तोळ्यांची लगड मिळते. तिचे वजन 116.64 ग्रॅम. अशी लगड एका काट्यावर पाच वेळा ठेवली आणि काट्याने पाचही वेळा 118 दाखवले, तर तो काटा विश्वसनीय आहे पण चूक आहे. 115, 118, 116 असे दाखवले, तर तो विश्वसनीयच नाही. पहिल्या काट्याची चूक दुरुस्त करता येते: 1.36 ग्रॅम वजा केले की झाले. दुसऱ्याचे काही करता येत नाही. सातत्य हे सत्य नव्हे. पण सातत्याशिवाय मोजमापातले सत्य हाती लागत नाही.

अभियांत्रिकीतली व्याख्या तीन अटींची: ठरलेले काम, ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत बिनचूक पार पडण्याची शक्यता. यातली ‘परिस्थिती’ विसरली की भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो. अमिरातीतले रस्ते आणि विमानतळ कोरड्या हवेत वर्षानुवर्षे भरवशाचे ठरले होते. 16 एप्रिल 2024 रोजी अल ऐनजवळच्या खतम अल शकला येथे चोवीस तासांच्या आत 254.8 मिलिमीटर पाऊस पडला. 1949 पासूनच्या नोंदींत असा पाऊस नाही, असे अधिकृतपणे सांगण्यात आले. त्याच दिवशी दुबईत धावपट्टीवर पाणी साचले, मोटारी रस्त्यांवर अडकल्या. यंत्रणा बिघडली नव्हती, परिस्थिती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये दुबईने पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी ‘तसरीफ’ ही 30 अब्ज दिरहॅमची योजना मंजूर केली. ती 2033 पर्यंत पूर्ण व्हायची आहे.