दुखावलेला गुडघा आणि पुन्हा धावणे

धावताना पाऊल जमिनीवर पडते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट बल जमिनीकडून पायाला मिळते. गुडघ्याच्या वाटीमागे पडणारा दाब याहूनही मोठा, वजनाच्या चार-पाच पट असतो, कारण मांडीचा पुढचा स्नायू त्या क्षणी वाटीला मांडीच्या हाडावर दाबून धरत असतो. मिनिटाला १७० पावले आणि किलोमीटरला सहा मिनिटे अशा बेताच्या वेगाने धावणाऱ्याची एका किलोमीटरमध्ये हजारावर पावले पडतात. म्हणजे पाच किलोमीटरच्या फेरीत एकेका गुडघ्याच्या वाट्याला अडीच हजारांवर पावले येतात. एक पाऊल पेलणे आणि तेच पाऊल अडीच हजार वेळा पेलणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. चालताना दुखत नाही, जिना चढता येतो, एवढ्यावरून पहिली क्षमता परत आली असे म्हणता येते. दुसरी नव्याने कमवावी लागते. दुखापतीनंतर पुन्हा धावायला लागणाऱ्यांची बहुतेक फसगत या दोन क्षमता एकच समजल्यामुळे होते.

कॅलिफोर्नियातील अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी १९९६ साली ही गोष्ट एका साध्या आलेखाने मांडली. एका अक्षावर भार किती, दुसऱ्यावर तो किती वेळा आला. दोन्हींच्या मिळून एका मर्यादेपर्यंत सांध्यातील पेशी आपला समतोल राखून असतात आणि रोजची झीज रोज भरून निघते. ही मर्यादा म्हणजे त्या गुडघ्याची क्षमतेची कक्षा. दुखापतीने कक्षा आक्रसते. पूर्वी सहज जमणारी दहा किलोमीटरची फेरी आता तिच्या बाहेर पडते, आणि कधीकधी दोन जिनेसुद्धा. कक्षेच्या आत राहून काम केले तर ती हळूहळू रुंदावते. वरचेवर बाहेर पडले तर सांधा चिडतो आणि कक्षा आणखी आत सरकते.

याच डाय यांनी पुढे स्वतःच्याच गुडघ्यांवर एक प्रयोग करवून घेतला. त्याचा वृत्तांत १९९८ साली प्रसिद्ध झाला. सांध्याच्या आत भूल न देता, फक्त दुर्बीण आत घालण्याच्या जागेवरची त्वचा बधिर करून, सहकाऱ्याने गुडघ्यातील एकेका भागाला सळईने स्पर्श केला आणि डाय पूर्ण जागेपणी काय जाणवते ते सांगत गेले. वाटीमागच्या कूर्चेला टोचले तर काहीच जाणवले नाही, कूर्चा झिजलेली होती तिथेही नाही. आतल्या लिगामेंटांना स्पर्श केल्यावर दुखले, पण नेमके कुठे ते सांगता येईना. वाटीखालची चरबीची उशी आणि सांध्याचे आतले अस्तर यांना मात्र नुसता स्पर्श झाला तरी कळ असह्य होती. एमआरआयच्या अहवालात कूर्चा झिजल्याचे वाचून धावणे कायमचे सोडून देणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात घ्यावा. झीज आणि वेदना यांचे नाते सरळ नाही. चिडलेले अस्तर शांत झाले की झिजलेल्या कूर्चेसकट गुडघा मुकाट काम करू शकतो. आणि अस्तर चिडलेले असेल, तर निर्दोष अहवाल हातात असूनही धावता येत नाही.

दुखापत कोणती, हे आधी ठरायला हवे. धावणाऱ्यांमध्ये सर्वात जास्त आढळते ते वाटीभोवतीचे दुखणे. त्यात फाटलेले, तुटलेले काही नसते. भार क्षमतेपेक्षा वेगाने वाढलेला असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, उतारावर हमखास उमटणारे दुखणे हे मांडीच्या बाहेरून खाली येणाऱ्या पट्ट्याचे. या दोन्हींत धावणे पूर्ण बंद करावेच लागते असे नाही, बहुधा कमी करून भागते. दोन हाडांमधल्या गादीची, म्हणजे मेनिस्कसची, गोष्ट वेगळी आहे. फाटलेला तुकडा काढला तर काही आठवड्यांत हलके धावणे शक्य होते. गादी शिवली असेल, तर टाके धरेपर्यंत थांबावे लागते आणि साधारण चार महिने किंवा त्याहून जास्त जातात. एसीएल या आतल्या लिगामेंटाची पुनर्रचना झाली असेल, तर सरळ रेषेतले हलके धावणे साधारण बाराव्या आठवड्यानंतर. कबड्डी-फुटबॉलसारख्या वळणावळणाच्या खेळांसाठी मात्र नऊ महिन्यांच्या आत परतू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले तितका पुन्हा दुखापतीचा धोका महिन्यागणिक जवळजवळ निम्म्याने उतरत गेला. गुडघा पिळवटल्यावर काही तासांतच टम्म सुजला, मध्येच अडकू लागला किंवा पाय टाकताना दगा देऊ लागला, तर धावण्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जावे.

विश्रांती किती घ्यावी, यावरचा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस दुखावलेला सांधा दीर्घकाळ आणि अखंड जखडून ठेवण्याचा आग्रह धरत होते, तर पॅरिसचे ल्युकास-शॅम्पिओनिएर हालचाल हीच सांध्याची गरज असल्याचे सांगत होते. व्यवहारात बराच काळ थॉमस यांची सरशी राहिली. टोरोंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० पासून सशांवर केलेल्या प्रयोगांत पारडे फिरले. जखडून ठेवलेल्या सांध्यांपेक्षा यंत्राने सतत हळूहळू हलवलेल्या सांध्यांतील कूर्चेच्या जखमा कितीतरी चांगल्या भरल्या. माणसांच्या बाबतीतला धडा मात्र अनपेक्षित जागी मिळाला. इंडियानापोलिसचे डोनाल्ड शेलबर्न एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्यांना त्या काळच्या प्रथेप्रमाणे जपून राहायला सांगत. सूचना न जुमानता लवकर पाय सरळ करणारे, लवकर वजन टाकणारे रुग्णच आज्ञाधारकांपेक्षा अधिक चांगले बरे होत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते नाकारले नाही. उपचारांचा क्रमच बदलला आणि १९९० साली तो प्रसिद्ध केला. आजचे पुनर्वसन बरेचसे त्या प्रामाणिक निरीक्षणावर उभे आहे.

परतीच्या वाटेवर वेदनेपेक्षा अधिक विश्वासू साक्षीदार म्हणजे सूज. गुडघ्यात पाणी साठले की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो. मेंदूने कितीही हुकूम सोडला तरी मज्जारज्जूच्या पातळीवर तो अडवला जातो. निरोगी गुडघ्यात सलाईन टोचून हे तपासले गेले आहे, आणि वाटीच्या आतल्या अंगाचा स्नायू मंदावायला अवघे २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चार ते सहा लहान चमचे द्रव पुरला. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी ही सूज. तिच्यासकट धावणारा माणूस धक्के झेलणारा मुख्य स्नायू अर्धवट बंद ठेवून धावत असतो.

ही सूज घरी तपासता येते. पाठीवर झोपून पाय सरळ आणि सैल ठेवावा. गुडघ्याच्या आतल्या बाजूने तळहात खालून वर, मांडीच्या दिशेने दोन-तीनदा फिरवावा, म्हणजे तिथले पाणी वर ढकलले जाते. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवावा आणि नजर आतल्या बाजूच्या खळग्यावर ठेवावी. खळगा तसाच राहिला तर ठीक. त्यात हळूच फुगवटा सरकत आला तर पाणी आहे. हात फिरवण्याआधीच तो भरून आला तर पाणी बरेच आहे, आणि त्या दिवशी धावणे नाही. सकाळी उठल्यावर दोन्ही गुडघ्यांची अशी तुलना करण्याची सवय महागड्या घड्याळातल्या आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

धावायला सुरुवात करण्याआधी काही गोष्टी जमायलाच हव्यात. गुडघा दुसऱ्या गुडघ्याइतका पूर्ण सरळ झाला पाहिजे. चार-पाच अंशांची उणीवही प्रत्येक पावलाला वाटीवरचा भार वाढवते. वाकण्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे उलटा गैरसमज आहे. मांडी घालून किंवा उकिडवे बसता आले की गुडघा बरा झाला, असे घरोघरी मानतात. हलक्या धावण्याला एवढे वाकणे लागतच नाही, आणि गादी शिवलेल्या माणसाने तर पहिले काही महिने उकिडवे बसणे टाळावे. मांडीच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ७० टक्के हवी. अर्धा तास भरभर चालून गुडघा सुजायला नको. एका पायावर अर्धवट बसून उठताना गुडघा आत झुकायला नको, आणि त्याच पायावर लहान उड्या न अडखळता मारता आल्या पाहिजेत. यातले काहीच कॅलेंडरवर लिहिलेले नसते. तरी परतीचा दिवस बहुतेक कॅलेंडर पाहूनच ठरतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवून झालेले असते, शर्यतीपासून मागे आठवडे मोजले जातात आणि गुडघ्याने त्या हिशेबात बसावे अशी अपेक्षा धरली जाते. हा हिशेब मुळातच उलटा आहे.

पहिले आठवडे चालणे आणि धावणे यांच्या मिश्रणाचे असतात. एक मिनिट हलके धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. मग धावण्याची मिनिटे वाढवायची, चालण्याची कमी करायची. सलग अर्धा तास जमला की अंतर, मग वेग, मग चढ आणि सर्वात शेवटी उतार. हा क्रम मोडू नये. उतारावर मांडीचा स्नायू लांबत असतानाच शरीराला आवरून धरतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, पण गुडघ्याची परीक्षा परतीच्या उतरणीत असते, आणि तीही पाय थकलेले असताना. पुण्यात वेताळ टेकडीवर सराव करणाऱ्याने सुरुवातीला चढ धावत जाऊन उतार चालत यावे. त्यात कमीपणा नाही.

आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्या धावकांवर तो तपासला गेला, आणि नियम पाळणाऱ्या व न पाळणाऱ्या गटांत दुखापतींचे प्रमाण सारखेच, साधारण २० टक्के निघाले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांवर धावकांच्या नोंदींच्या अभ्यासाने वेगळीकडे बोट दाखवले. धोका वाढतो तो एखादी फेरी गेल्या महिन्यातल्या सर्वात लांब फेरीपेक्षा बरीच लांब झाली की. रविवारी मित्रांच्या भरात केलेले जास्तीचे चार किलोमीटर आठवडाभराच्या बेरजेत लपून जातात. गुडघ्याला ते एकरकमी भरावे लागतात.

थोडी वेदना चालेल का? चालेल. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर दोन-तीनपर्यंतची, धावताना न वाढणारी आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवणारी कुरकुर म्हणजे गुडघा कक्षेच्या काठावर काम करतो आहे. पायऱ्या उतरताना दुसऱ्या दिवशी जास्त दुखले किंवा खळगा भरला, तर एक पायरी मागे यावे, दोन दिवस थांबावे. या साध्या शहाणपणाचे वजन किती आहे, हे क्वेबेकमधल्या एका चाचणीत दिसले. वाटीभोवती दुखणाऱ्या ६९ धावकांचे तीन गट केले. सर्वांना भार कसा सांभाळावा हे शिकवले. एका गटाला त्याशिवाय व्यायाम दिले, दुसऱ्याला धावण्याची ढब सुधारून दिली. आठ आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले होते. व्यायाम निरुपयोगी, असा याचा अर्थ नाही. शस्त्रक्रियेनंतर तर ताकद कमावल्याशिवाय गत्यंतर नाही. पण भाराचे भान सुटले तर व्यायाम एकटे काही वाचवू शकत नाहीत. ढबीतला एकच बदल सहज करण्याजोगा आहे: वेग तोच ठेवून पावले ५ ते १० टक्के जास्त, म्हणजे आखूड टाकावीत. पाऊल शरीराच्या जवळ पडते आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो.

झटपट परतण्याचे उदाहरण म्हणून अमेरिकेच्या जोन बेनॉइट यांचे नाव घेतले जाते. २५ एप्रिल १९८४ रोजी त्यांच्या उजव्या गुडघ्यावर दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली, सतरा दिवसांनी त्यांनी ऑलिंपिक निवडीची मॅरेथॉन जिंकली आणि ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकून इतिहास घडवला. त्या जिद्दीला तोड नाही. पण त्यांच्या गुडघ्यात अस्तराची एक अडकणारी घडी होती आणि ती काढली गेली. जोडून येण्याची वाट पाहावी असे आत काही नव्हते. शिवलेली गादी किंवा नवे लिगामेंट असलेल्याने ते सतरा दिवस आपल्याला लावू नयेत. त्या सतरा दिवसांतही दुखऱ्या पायाला सांभाळताना त्यांच्या डाव्या मांडीचा मागचा स्नायू दुखावलाच. दुसरा पाय असा बळी पडणे फार सामान्य आहे, म्हणून व्यायाम नेहमी दोन्ही पायांचे करावेत.

भीतीचाही विचार करावा लागतो. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक कुठल्यातरी खेळाकडे परतले, पण आपल्या पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्केच, असे २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात आढळले. गुडघा तयार असूनही मन मागे राहते. घाबरलेला माणूस पाय ताठ ठेवून उतरतो, आणि तेच गुडघ्याला जाचते. यावर उपदेश चालत नाही. उड्या, छोटे उतार, खडबडीत वाट यांचा क्रमाने सराव करताना, आपला पाय आपल्याला पेलतो आहे हे रोज थोडे थोडे अनुभवावे लागते.

धावण्याने गुडघे झिजतात का, हा प्रश्न दुखापतीनंतर अधिक टोचतो. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात हौशी धावकांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात ३.५ टक्के, बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावकांमध्ये १३.३ टक्के आढळला. धावणे आणि संधिवात यांचे सरळ नाते यातून दिसत नाही. मात्र गादीचा मोठा भाग गमावलेल्या किंवा एसीएल तुटलेल्या गुडघ्यात संधिवाताचा धोका मुळातच जास्त असतो आणि तिथे हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. अशा गुडघ्याने धावू नये असे नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस, बेताचे अंतर, मधल्या दिवशी सायकल किंवा पोहणे, मांडीचे व्यायाम कायमचे, वजन आटोक्यात आणि वर्षातून एकदा तज्ज्ञाकडून तपासणी, अशा बेताने बरेच जण पुढची अनेक वर्षे धावत राहतात.