पानाचा हिरवा, रक्ताचा लाल

अंबडहून मी तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय.

परसबागेतल्या पालकाचं पान पिवळं पडलं की आपण लगेच म्हणतो, "युरिया टाका." पण दरवेळी खतच कमी पडलेलं असतं असं नाही. कधी मातीत नको तो धातू साठलेला असतो, आणि वरून कितीही खत दिलं तरी तो जात नाही. आज त्याबद्दल बोलू.

आशाताई आपलं हिमोग्लोबिन तपासतात. त्यातल्या लाल रंगद्रव्याच्या मधोमध लोह असतं. पानातल्या हरितद्रव्याची घडण बरीचशी तशीच, फक्त मधोमध मॅग्नेशियम असतं. हे हरितद्रव्य ऊन धरतं, आणि त्या ताकदीवर झाड हवा-पाण्यातून आपलं अन्न तयार करतं. पान म्हणजे झाडाची चूलच म्हणा ना!

शिसं, कॅडमियम हे विषारी धातू आधी मुळांना गाठतात. मुळं आखूड राहतात, पाणी कमी ओढतात. लोह आणि जस्त ज्या वाटेने मुळात शिरतं, त्याच वाटेने कॅडमियम घुसतं. मग लोह कमी पडतं, नवी पानं पिवळी होतात, झाड खुरटतं. शिसं तर माणसाचं रक्त आणि पानाचा हिरवेपणा, दोन्ही तयार होताना एकाच पायरीवर अडथळा आणतं.

आता आपली मोसंबी बघा. डिंक्या रोगासाठी खोडाला बोर्डो पेस्ट लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचुदात तांबं असतं. मिश्रणात लोखंडी विळा बुडवला आणि त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे तांबं लोखंडाची जागा घेतं. मातीत तांबं फार झालं तर तेच तांबं हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमची जागा घेऊ शकतं, आणि ती चूल मंदावते. थोडं तांबं पिकाला लागतंच. पण उरलेली पेस्ट दरवर्षी एकाच झाडाच्या आळ्यात ओतू नका. धातू कुजत नाही, उडून जात नाही, साठत राहतो.

घाबरून जायचं कारण नाही. आपली काळी, चुनखडीची जमीन धातू धरून ठेवते, पिकाला सहज देत नाही. लोहही ती तसंच अडवते. म्हणून शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर आपल्याकडे बहुधा लोहच कमी असतं. अंदाज बांधण्यापेक्षा माती तपासा. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, त्यात लोह आणि तांबं येतं. शिसं, कॅडमियम येत नाही. त्याची तपासणी कुठे होईल, ते खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

हे एवढं मनावर का घ्यायचं? जपानमध्ये जिंझू नदीत खाणीतलं कॅडमियम आलं. त्या पाण्यावरच्या भातातून ते लोकांच्या पोटात गेलं. सर्वात जास्त भोगलं ते मुलंबाळं झालेल्या, उतारवयाच्या बायकांनी. हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडत. लोकांनी आजाराला नाव दिलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. हा प्रदूषणाचा आजार आहे, हे तिथल्या सरकारने १९६८ साली मान्य केलं.

म्हणून घरच्या घरी एवढं सांभाळू या. फवारणी पंपाची जुनी बॅटरी बांधावर फोडू नका, दुकानात परत द्या. त्यात शिसं असतं, आणि आतल्या आम्लामुळे ते जास्त पसरतं. रंग दिलेलं लाकूड किंवा प्लॅस्टिक जाळलेली राख वाफ्यात टाकू नका. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट विकत घेताना तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशानुसार एका किलोत शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या वर नसावं. पालेभाजी धुतल्याने वरची धूळ जाते, पानाच्या आत शिरलेलं जात नाही. तेव्हा जे आत शिरू नये, ते मातीतच पडू देऊ नका.

पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की हा विषय काढा. गावातल्या जुन्या बॅटऱ्या कुठे पडल्यात, तेवढं जरी शोधलंत तरी मोठं काम होईल.