संग्रहालयातील वस्तू आणि टॅबवरील चित्रकला
(फुलचूर येथील शिक्षकसभेत केलेले भाषण)



आपल्या काही शाळांत आता टॅब आले असून मुले त्यांवर बोटाने चित्रे काढू लागली आहेत. ही चित्रकला शिकवावी कशी, असे आपणांपैकी अनेकांनी मला विचारले. मी चित्रकलेचा शिक्षक नव्हे. तथापि गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या मुलांबरोबर नागपूरला गेलो असता जे अनुभवास आले, ते आपणांपुढे ठेवतो.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला अजब बंगला, १८६३ साली स्थापन झाले. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० साली गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. तेथे खणले असता तांब्याच्या ४२४ आणि चांदीच्या १०२ वस्तू निघाल्या. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या या ठेव्यातील काही वस्तू या संग्रहालयाकडे आहेत. त्यांतील तांब्याच्या एका चपट्या कुऱ्हाडीसमोर आम्ही मुलांना बसविले.

एका मुलाने तिचे छायाचित्र घेतले, त्यावर टॅबमधील एक कोरा थर ठेवला आणि बोटाने कडा गिरवून पाच मिनिटांत चित्र पुरे केले. चित्र सुबक होते. मी त्याची पाठ थोपटली. शेजारची मुलगी मात्र अर्धा तास तेथेच होती. रेघ काढी, पुसे, मान वर करून पाही. अखेरीस ती म्हणाली, "गुरुजी, धारेची एक बाजू जास्त झिजली आहे." तीच गोष्ट मी त्या मुलास विचारली, तेव्हा तो आपल्या चित्राकडे पाहू लागला. झीज त्याच्या चित्रात होती, पण ती त्याने पाहिलेली नव्हती. पाठ थोपटण्याची घाई मीच केली होती.

यावरून टॅब बाजूस ठेवावा, असे कोणी समजू नये. कागदावर चार वेळा खोडले की भोक पडते, आणि भित्रे मूल पाचव्या वेळी पेन्सिल खाली ठेवते. टॅबवर चुकलेली रेघ एका स्पर्शाने मागे घेता येते. आकार एका थरावर व रंग दुसऱ्यावर ठेवल्यास रंग बिघडला तरी आकार शाबूत राहतो. रंगपेटी न परवडणाऱ्या घरच्या मुलास ही केवढी सोय आहे! क्रिता नावाची चित्रकलेची प्रणाली विनामूल्य असून एकदा उतरवून घेतल्यावर ती इंटरनेटवाचूनही चालते. म्हणून मी इतकेच सुचवितो की, प्रथम वस्तूकडे पाहून काढू द्यावे. छायाचित्र नंतर, ताडून पाहण्यापुरते घ्यावे.

ही रीत नवी नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करीत होते. लेण्यांतील त्या अंधुक उजेडात एकेका आकृतीपुढे त्यांना किती वेळ उभे राहावे लागले असेल!

एकच टॅब असल्यास निम्म्या मुलांस कागद द्यावा व पाळीपाळीने बदलावे. संग्रहालयात चित्रे काढण्याची व छायाचित्रे घेण्याची परवानगी आधी मागावी. सहलीस पैसा नसेल तर धान कापणीचा जुना विळा वर्गात आणावा. त्याचीही धार कोठेतरी अधिक झिजलेली असतेच, आणि ती कशाने झिजली हे सांगणारी आजी गावात भेटते.

पुढील सभेस येताना प्रत्येकाने अशा एखाद्या वस्तूचे, मुलाने पाहून काढलेले एक चित्र आणावे. बिघडलेले असले तरी चालेल. मात्र ते काढताना मुलाने काय काय म्हटले, ते मागे लिहून आणावे.