शितावरून भाताची परीक्षा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली कीं, 'कोण जिंकणार?' हा प्रश्न सर्वतोमुखीं होतो. भविष्य सांगणाऱ्यांस तोटा नसतो. परंतु त्यांवर विसंबण्यापूर्वीं दोन जुन्या फजित्या आठवाव्या.

१९३६ सालीं 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें सुमारें १ कोटि मतपत्रिका टपालानें धाडल्या. २० लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यांवरून लँडन जिंकणार असें त्यानें छापलें. प्रत्यक्षांत ४८ पैकीं ४६ राज्यें रूझवेल्ट यांनीं जिंकलीं! चूक कोठें झाली? नांवें घेतलीं होतीं तीं मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारवाल्यांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या दिवसांत गरिबाघरीं टेलिफोन कोठून असणार? शिवाय, पत्रिका परत धाडण्याची तसदी घेणाऱ्यांत राज्यकर्त्यांवर रुष्ट असलेलेच अधिक. गॅलप यांनीं त्या मानानें मूठभरांसच विचारलें, पण समाजाच्या निरनिराळ्या थरांतून. त्यांचें भाकीत खरें ठरलें.

१९४८ सालीं मात्र गॅलपही फसले. त्यांनीं मतदानाच्या कांहीं दिवस आधींच चौकशी आटोपली आणि ड्युई जिंकणार म्हणून सांगितलें. निवडून आले ट्रुमन!

त्यांतून तेथील निकाल राज्यवार निर्वाचकांच्या मतांवर ठरतो. २०१६ सालीं देशभरांत अधिक मतें हिलरी क्लिंटन यांस पडलीं. अध्यक्ष झाले ट्रंप.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी; पण शीत कोणत्या भांड्यांतलें आणि केव्हां काढलेलें, हें आधीं विचारावें.